जुन्या फोर-बाय-फोर पिकअपची तेलं: कुठे काय भरायचं आणि कसं बदलायचं

गाडी घेतली तेव्हा मालकाने सर्व्हिस बुक हातात ठेवलं. त्यातली शेवटची नोंद ४२ हजार किलोमीटरची होती आणि गाडी चालली होती १ लाख ३८ हजार. मधल्या ९६ हजारांत काय काय झालं, या प्रश्नाला उत्तर मिळालं ते एवढंच: "सगळं वेळच्या वेळी केलंय साहेब, डोळे झाकून घ्या."

डोळे उघडे ठेवून घेतली. २०११ चा डबल कॅबिन पिकअप, डिझेल, पार्ट-टाइम फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, पण आपण लावू तेव्हाच. पहिल्याच रविवारी मागच्या डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा, चाकांना ताकद वाटणारा) बूच सोडलं, तर खाली लावलेल्या घमेल्यात टपरीवरच्या चहाच्या रंगाचं काहीतरी उतरलं. तेलात पाणी होतं, आणि चांगलंच होतं. विकणाऱ्याला जे आठवत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं, ते त्या घमेल्याने सांगितलं. त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणतो, पहिल्या महिन्यात गाडीतलं प्रत्येक तेल स्वतःच्या डोळ्यांदेखत काढा. नवीन भरणं सोपं आहे, जुनं वाचायला थोडा वेळ द्यावा लागतो.

आधी वही, मग पाना

साध्या गाडीत तेलापाण्याच्या पाच-सहा जागा असतात. पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये नऊ मोजा: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारी पेटी), पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल, ब्रेक, क्लच, पॉवर स्टिअरिंग आणि रेडिएटर. ग्रीसचे निपल वेगळेच. यातल्या ट्रान्सफर केस आणि पुढच्या डिफरन्शियलकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. मालक म्हणतो, "मी फोर-बाय-फोर लावतच नाही," आणि मिस्त्री म्हणतो, "साहेबांनी सांगितलं नाही."

वहीचं एक पान घ्या. प्रत्येक जागेसमोर तेलाचा प्रकार, जाडी आणि किती लिटर, एवढं ओनर्स मॅन्युअलमधून उतरवा. मॅन्युअल नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन विचारा. परदेशी व्हिडिओ बघून तेल ठरवू नका. त्याच नावाच्या गाडीत तिकडे गिअरबॉक्स वेगळा असतो, ट्रान्सफर केस वेगळी असते. थार, जिप्सी, गेटअवे, झेनॉन या गाड्या रस्त्यावर शेजारी उभ्या राहिल्या की सारख्याच रांगड्या दिसतात, पण पोटात काय जातं ते प्रत्येकीचं निराळं. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतही फरक पडतो.

सील, वॉशर, फिल्टर यांसाठी पुण्यातली नाना पेठ पुरते. ऑइल सील मागताना गाडीचं नाव सांगण्याऐवजी सीलवर छापलेला आकार सांगावा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तिन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानदार चेहऱ्याकडे न बघता डब्यातून काढून देतो. तेल मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि बिलासकट घ्या. बनावट तेलाचे डबे बाजारात फिरतात आणि ते भरले जातात आपणच भंगारात दिलेल्या रिकाम्या डब्यांत. रिकामा डबा भंगारवाल्याकडे जाण्याआधी त्याला मोठं भोक पाडा.

जागा आणि हत्यारं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. आमच्याकडे पार्किंगमध्ये गाडी धुण्यावर बंदी, झाडांच्या कुंड्या ठेवण्यावर बंदी आणि 'अन्य कोणतेही कृत्य' करण्यावरही बंदी, अशी पाटी आहे. 'अन्य कृत्य' म्हणजे काय याची व्याख्या सेक्रेटरींनी माझ्या गाडीखालच्या तेलाच्या डागाकडे बोट दाखवून केली. तेव्हापासून मी खेड शिवापूरजवळच्या मित्राच्या शेडमध्ये जातो. तिथली फरशी सपाट आहे, आणि या कामात सपाट जमिनीला पर्याय नाही.

रिंग पाने, गोटीचा (सॉकेट) सेट, चार मजबूत घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), घमेलं, चोथा आणि १०० मिलिलिटरची सिरिंज एवढं लागतं. सिरिंज जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते. तिला हातभर पारदर्शक नळी लावली की गिअर ऑइल भरायचा पंप तयार. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बुचांभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने काढून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रात्रभर मुरतो.

भरायचं बूच आधी

माझ्या मिस्त्रीमामांचं हे वाक्य मी दर वेळी मनात म्हणतो: "आधी भरायचं बूच सुटतंय का बघ. ते सुटलं तर खालच्याला हात लाव."

कारण साधं आहे. खालचं बूच काढलं, सगळं तेल सांडलं आणि मग वरचं बूच गंजून बसलंय असं कळलं, की गाडी तिथेच अडकते. रिकाम्या गिअरबॉक्सवर ती गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियल, चारही ठिकाणी हाच क्रम. काही बुचांना चौकोनी खाच असते, तिच्यात रॅचेटचा चौकोन थेट बसतो. षट्कोनी खाचेची बुचं असतील तर योग्य मापाची एल-की ठोकून पूर्ण आत बसवा, अर्धवट बसवून जोर लावला की खाच गोल होते. ट्रान्सफर केस ॲल्युमिनियमची असेल तर बूच परत लावताना पहिले चार-पाच आटे हातानेच फिरवा. हाताने फिरत नसेल तर आटे वाकडे बसलेत, तसाच पाना लावला की केसचे आटे गेलेच.

तेल गरम असताना नीट उतरतं, म्हणून आधी १०-१५ किलोमीटर चालवून आणा. पुढच्या एक्सलमधलं तेल ढवळायला किलोमीटरभर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) चालवा, पण मातीच्या रस्त्यावर. कोरड्या डांबरावर पार्ट-टाइम फोर-बाय-फोर लावून वळलात तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक कुठेच निघत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो.

इंजिन ऑइल

यावर लोक सर्वात जास्त भांडतात आणि खरं तर इथेच निवड सर्वात सोपी आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं. त्याआधीच्या, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेल्या डिझेल इंजिनला पुण्याच्या हवेत १५डब्ल्यू-४० तेल, डब्यावर एपीआय सीआय-४ किंवा त्यापुढचा दर्जा, एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. सीके-४ लिहिलेलं मिळालं तर तेही जुन्या इंजिनला चालतं. मॅन्युअलने वेगळी जाडी सांगितली असेल तर अर्थात ती. 'हिवाळ्यात पातळ तेल हवं' हा सल्ला आपल्यासाठी नाही. १५डब्ल्यू तेलाची गार स्टार्टची चाचणी उणे २० अंशांवर होते, आणि आपल्याकडे पारा ८-९ अंशांवर आला की वर्तमानपत्रात शेकोटीचे फोटो येतात.

१ लाखाच्या पुढे गेलेल्या इंजिनात फ्लशिंग ऑइल घालू नका. वर्षानुवर्षांची काजळी एकदम सुटून बारीक वाटांत अडकू शकते. त्याऐवजी पहिलं तेल ३ हजार किलोमीटरवर, फिल्टरसकट बदला. तेच हळूहळू धुण्याचं काम करतं. नव्या तेलाचा रंग दोन दिवसांत काळा झाला म्हणून घाबरू नका. डिझेलची काजळी तेलात तरंगत ठेवणं हे त्या तेलाचं कामच आहे.

बदलताना चेंबरचं (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचं) बूच सोडा, पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या, तांब्याचं वॉशर नवीन घाला. फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. जुन्या रिंगवर नवी बसली की तेलाची पिचकारी उडते. नव्या फिल्टरच्या रिंगला तेलाचं बोट लावा, उभा बसणारा फिल्टर असेल तर तो तेलाने भरून घ्या आणि रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा द्या. पाना लावू नका. स्टार्ट करून दोन मिनिटं चालू ठेवा, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. खुणेच्या वर तेल गेलं तर थोडं काढा. जास्तीचं तेल इंजिनला फायद्याचं नसतं.

त्याच बैठकीत डिझेल फिल्टरच्या तळाची चकती ढिली करून साचलेलं पाणीही सोडून द्या.

गिअरबॉक्स: जीएल-४ की जीएल-५?

माझ्या गाडीचा दुसरा गिअर सकाळी खरखरत पडायचा. आधीच्या कुठल्यातरी गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलमध्ये एकाच पिंपातलं १४० नंबरचं तेल ओतलं होतं. त्याची सोय झाली, माझा सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारा भाग, झिजला.

जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे, पण ते पहिली-दुसरीचे वर्ग नाहीत, त्यामुळे ५ म्हणजे ४ पेक्षा भारी असा हिशोब चालत नाही. डिफरन्शियलमधल्या हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर सरकणाऱ्या तिरक्या दातांमध्ये घासणं फार असतं, म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या जवळपास दुप्पट घालतात. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असतात. गिअर टाकताना त्या रिंगने दुसऱ्या भागाला घासून त्याचा वेग जुळवायचा असतो. तेल फार निसरडं असलं की रिंग पकडतच नाही, आणि काही जीएल-५ तेलांतलं गंधक पितळाला हळूहळू खातंही. म्हणून मॅन्युअलने जीएल-४ म्हटलं असेल तर जीएल-४ च शोधा. साध्या दुकानात पुष्कळदा जीएल-५ च पुढे केलं जातं, तेव्हा डबा फिरवून वाचा. काही गिअरबॉक्सना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं, तेही मॅन्युअलच सांगेल.

आणखी एक गोंधळ: गिअर ऑइलचे नंबर आणि इंजिन ऑइलचे नंबर वेगवेगळ्या मोजपट्टीवरचे आहेत. ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल गरम झाल्यावर साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलएवढंच जाड असतं. ९० हा आकडा बघून 'हे तर डांबर' असं वाटून घेऊ नका.

तेल भरताना सिरिंजने हळूहळू भरा आणि वरच्या भोकाच्या खालच्या काठावरून ओघळायला लागलं की थांबा. तीच पातळी. गाडी एका बाजूने उचललेली असेल तर ही पातळी खोटी येते, म्हणून एकतर चारही चाकं जमिनीवर किंवा चारही घोड्यांवर.

ट्रान्सफर केस

जुन्या जीपसारख्या, निव्वळ गिअरवर चालणाऱ्या केसला बहुधा गिअर ऑइल लागतं. चेनवाल्या केसपैकी अनेकींना लाल एटीएफ लागतं. कारण बऱ्याच चेनवाल्या केसमध्ये आत छोटा पंप असतो आणि १४० नंबरचं तेल त्याला उचलवत नाही. माझ्याकडे फोर-लोचा (चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि जोर जास्त) लिव्हर ओढायला दोन हात लागायचे. योग्य एटीएफ घातल्यावर एका हाताने पडायला लागला.

इथे एक गोष्ट जरूर बघा. गिअरबॉक्समधून अपेक्षेपेक्षा कमी तेल निघालं आणि ट्रान्सफर केसमधून जास्त, तर दोघांमधलं सील गेलंय आणि तेल एका घरातून दुसऱ्या घरात चाललंय. बाहेर एक थेंब दिसणार नाही. म्हणून काढलेलं प्रत्येक तेल खुणा केलेल्या बाटलीत मोजा आणि आकडा वहीत लिहा.

डिफरन्शियल आणि पावसाळा

दोन्ही डिफरन्शियलना जीएल-५ लागतं. बहुतेकांत ८०डब्ल्यू-९०, सतत ओझं ओढणाऱ्या काही गाड्यांना ८५डब्ल्यू-१४० सांगितलेलं असतं. मागे क्लच प्लेटवालं एलएसडी (एक चाक फुकट फिरू न देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) असेल तर त्यासाठीचं तेल किंवा वेगळं फ्रिक्शन मॉडिफायर लागतं. ते न घालता भरलंत तर वळताना मागून कटकट ऐकू येईल.

बुचावरचं चुंबक चोथ्याने लगेच पुसून टाकू नका. बोटाने उचला, उन्हात धरा. करड्या रंगाची मऊ पेस्ट, शाईसारखी, म्हणजे वयानुसार झीज. चमकणारे कण मोजण्याइतके असतील तर पुढच्या ५ हजारांत पुन्हा उघडा. नखाएवढा कपचा किंवा दाताचा तुकडा निघाला, तर तेल भरून गाडी रस्त्यावर काढू नका, हाउसिंग उघडावी लागेल.

आता त्या चहाच्या रंगाबद्दल. जुलैत ताम्हिणीला जाताना किंवा मुळशीच्या आतल्या रस्त्यावर ओढा आडवा येतो. तासभर चालून डिफरन्शियल तापलेलं असतं. ते थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेते, ब्रीदरमधून किंवा म्हाताऱ्या सीलमधून. ब्रीदर म्हणजे एक्सलवरची ती बुटकी टोपी, जी चिखलाने बुजलेली असते. ती बुजली की उलटही होतं: तापलेली हवा बाहेर पडायला वाट नसल्याने दाब वाढून चांगलं सीलही गळायला लागतं. टोपी काढून साफ करा, किंवा त्या जागी रबरी नळी जोडून तिचं टोक इंजिनच्या खोलीत उंच बांधा. मी दोन्ही एक्सलना नळी लावली आहे.

माझ्या मागच्या डिफरन्शियलला एकदा तेल बदलून भागलं नाही. पाणीवालं काढलं, स्वस्तातलं जीएल-५ घालून ३०० किलोमीटर चालवलं, तेही काढलं, ते थोडं गढूळ होतंच. तिसऱ्यांदा चांगलं तेल भरलं. ओढे ओलांडणाऱ्यांनी दर दिवाळीच्या आधी खालचं बूच जरासं ढिलं करून पहिले दोन-चार थेंब बघावेत. पाणी तळाला बसतं, ते आधी येतं.

कूलंट

कूलंटचा रंग हा प्रमाण नाही. हिरवं, लाल, निळं हे कंपनीने घातलेले रंग आहेत, आतलं रसायन वेगळं असू शकतं. दोन जातींचं कूलंट मिसळलं तर गंजरोधक निकामी होऊ शकतं, कधी गाळ धरतो. आत काय आहे ते माहीत नसेल तर सगळं काढा, रेडिएटर आणि ब्लॉक डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा आणि नवीन भरा. बोअरवेलचं पाणी घालू नका, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. भरताना केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे तिथली हवाही निघते. गरम इंजिनवर झाकण उघडू नका. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री पितात.

ब्रेक आणि क्लच

दोन्हींत बहुधा डॉट-३ किंवा डॉट-४. हे द्रव हवेतली ओल शोषतं. डॉट-४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ही किमान हद्द १५५ वर येते. डॉट-३ चे आकडे २०५ आणि १४०. वरंधा घाटात भरलेला पिकअप उतरवताना ब्रेकवर पाय ठेवून आलात आणि पेडल अचानक मऊ पडलं, तर त्याचं कारण हे: द्रव उकळून त्याची वाफ झाली. दोन वर्षांनी बदला. सिलिकॉनचं डॉट-५ यात मिसळू नका.

जुनं द्रव काढायच्या कामाला दोन माणसं लागतात. मी चाकाखाली, भाचा सीटवर.

"मामा, दाबू?"

"दाब. धरून ठेव." चाकामागच्या ब्रेकचं निपल पाव फेरा सोडलं, नळीतून काळपट द्रव आणि बुडबुडे आले, निपल बंद. "आता सोड."

"आता?"

"मी सांगेपर्यंत सोडायचं नाही म्हणालो होतो ना."

निपल उघडं असताना पेडल सोडलं की हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकाने, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचं डावं. मागे लोडनुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर गाडीचं वजन चाकांवर असू द्या. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. द्रव रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग सोलून काढतं.

पॉवर स्टिअरिंगचं तेल सिरिंजने टाकीतून ओढून नवीन भरा, दोन दिवस चालवा, पुन्हा ओढा. तीन वेळा केलं की बहुतेक बदललं जातं. बऱ्याच जुन्या गाड्यांत एटीएफ असतं, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

ग्रीस

प्रोपेलर शाफ्टचे (एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे, त्याचा सरकता भाग, मॅन्युअल हब लॉक (पुढची चाकं हाताने एक्सलशी जोडायची कळ), जिप्सीसारख्या गाड्यांत पुढच्या नकल (चाक वळवणारे सांधे): या ठिकाणी ग्रीस असतं. क्रॉसमध्ये लिथियम ग्रीस, नंबर २, निपलमधून जुनं काळं बाहेर येईपर्यंत. चारही टोपणांतून आलं पाहिजे. एकातून आलं नाही तर तो क्रॉस संपत आलाय. नकलमधून ग्रीसऐवजी पातळ गिअर ऑइल ओघळत असेल, तर एक्सलमधलं आतलं सील गेलंय.

जुन्या तेलाचं काय

२०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं. गटारात, शेताच्या बांधावर किंवा 'वाळवी लागू नये म्हणून' लाकडाला, असं काही करू नका. मी पाच लिटरच्या डब्यांत भरून ओळखीच्या गॅरेजला देतो. त्यांच्याकडून अधिकृत रिसायकलर पिंप उचलतो. ब्रेकचं द्रव आणि कूलंट त्या तेलात मिसळू नका, नाहीतर अख्खं पिंप वाया जातं.

सगळं झाल्यावर पांढऱ्या पेंट मार्करने प्रत्येक हाउसिंगवर तारीख, किलोमीटर आणि तेलाचा प्रकार लिहा. २०० किलोमीटरनंतर सगळ्या बुचांना पुन्हा पाना लावून बघा आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. माझ्या पुठ्ठ्यावर सकाळी एकच थेंब होता, मागच्या पिनियनखाली, म्हणजे शाफ्ट डिफरन्शियलमध्ये शिरतो तिथे. सील नाना पेठेतून आणून ठेवलंय. दिवाळीनंतर बदलेन. तोवर सेक्रेटरींच्या समाधानासाठी तो पुठ्ठा रोज रात्री तिथेच असतो.